भालबाने उभ्याने मोजलेली नाडी

सन २०६४मध्ये मानवजातीने सर्व रोगांवर विजय मिळवला होता. अपवाद फक्त इस्लामपूरच्या शलाकाचा. तिला विषाणूचा (शरीरात घुसून वाढणाऱ्या अतिसूक्ष्म जंतूचा) ताप आला नि गेला. पण जाताना छातीतली धडधड मागे ठेवून गेला. खो-खोच्या रांगेत बसलेली शलाका खो मिळून उठली, की सगळं मैदान तिच्याभोवती फिरू लागे.

दवाखान्यात यंत्रमानव भालबा होता. अतिशय सभ्य. “उठू नकोस बाळ, पडून राहा,” म्हणत तो नाडी मोजे. बहात्तर. हृदयाचा आलेखही ठीक. तिसऱ्या खेपेला त्याने निदान लिहिलं : आळस. हे क्रीडाशिक्षकांच्या कानावर गेलं, आणि शलाकाचं संघातलं नाव धोक्यात आलं.

हृदयावर संशोधन करणारी विशाखामावशी सुट्टीला आली होती. ती शलाकाला घेऊन थेट दवाखान्यात गेली.

“भालबा, हिला उभी करून मोज.”

“आजाऱ्याला उठवणं असभ्य आहे.”

“मग थोडा असभ्य हो.”

पाच मिनिटांत आकडा एकशे चोवीसवर गेला. भालबाने दोनदा मोजून पाहिलं.

“मावशी, मी तर नुसती उभी आहे!”

“तू उभी आहेस, पण तुझं हृदय पळतंय. आपण उठलो, की रक्त पायांकडे उतरतं. मग स्वायत्त नसा (आपल्याला न विचारता काम करणाऱ्या) रक्तवाहिन्यांना आवळायला सांगतात, म्हणजे रक्त वर चढतं. तापानंतर कधीकधी या नसांचा कारभार विस्कटतो. वाहिन्या ढिल्या राहतात आणि त्यांचं काम हृदय एकटं ओढतं.”

“म्हणजे मी आळशी नाही?”

“तू असशील. हृदय नाही.”

भरपूर पाणी, डॉक्टर सांगतील तेवढं जादा मीठ, घट्ट लांब मोजे आणि आधी झोपून, मग बसून व्यायाम. वेळ लागेल, पण बहुतेक मुलं यातून सावरतात, असं मावशी म्हणाली. भालबाने ‘आळस’ खोडला आणि उभ्याने नाडी मोजण्याचा धडा राज्यातल्या सगळ्या यंत्रमानवांना पाठवला. क्रीडाशिक्षकांनी शलाकाची जागा राखून ठेवली.

पुढच्या हंगामात शलाका पुन्हा रांगेत बसली. पळणारी समोरून गेली, शलाका ताडकन उठली. चक्कर नाही, धडधड नाही, मैदान जागच्या जागी.

खो मिळायच्या आधीच उठल्याबद्दल पंचांनी फाउल दिला.