पहिल्या मालकाचा अभिप्राय

रविवारी सकाळी प्रभूने मोटारसायकल काढली आणि चंद्रिकेला मागे बसवून तो सांगोल्याच्या रस्त्याला लागला. काम साधं होतं. एक वापरलेला हेडफोन आणायचा होता.

प्रभू हा चंद्रिकेचा चुलतभाऊ. सोलापुरात सात रस्त्याजवळच्या गल्लीत, राहत्या घराच्या माडीवर त्याचा धंदा चालायचा. हौशी लोकांकडून चांगले हेडफोन घ्यायचे, कानावरच्या गाद्या बदलायच्या, वायर तपासायची आणि इंटरनेटवर विकायचे. विकताना तो न चुकता दोन अभिप्राय टाकायचा. एक पहिल्या मालकाचा, जसाच्या तसा त्याच्या शब्दांत. दुसरा चंद्रिकेचा. ती दहावीत होती आणि फारच कमी बोलायची. पाहुण्यांनी तिला काही विचारलं तर उत्तर बहुतेक वेळा तिची आई, अव्वाच, देऊन टाकायची. पण कान तिचा तयार होता. गाण्यात तंबोऱ्याची एक तार किंचित उतरलेली असली तरी तिला कळायचं.

"आमची चंद्रिका बोलत नाही, म्हणून तिला एवढं ऐकू येतं," असं प्रभू गिऱ्हाइकांना हसत सांगायचा.

यंदा मात्र एक नवल झालं होतं. शाळेच्या निरोप समारंभात दहावीच्या मुलींतर्फे बोलायला राजनंदिनी मॅडमनी चंद्रिकेचं नाव घातलं, आणि चंद्रिका नाही म्हणाली नाही. एकदा तरी, सगळ्यांसमोर, आपला आवाज कसा लागतो ते तिला ऐकायचं होतं. भाषण पाठ झालं होतं. माडीचं दार लावून ती ते पुटपुटायची. मोठ्याने अजून एकदाही म्हटलं नव्हतं.

"त्या हेडफोनवाल्या जोतिरामला पाह्यचंय मला," वाटेत प्रभू मान वळवून म्हणाला. "काल फोनवर काय बोलला गडी! मी लिहूनच घेतलं सगळं. म्हणतो, लहान हाय, घडी होतो, खिशात मावतो. बंद पाठीचा हाय, त्यामुळं आतलं बाहेर न्हाय आन् बाहेरचं आत न्हाय. बास लई घट्ट. कानावर दाबून बसतो, तासाभरानं पाळ्या दुखत्यात, पण काढू वाटत न्हाय. बघ की, मेंढरं राखणारा माणूस, पण कंपनीवाल्यांना असं लिहिता येणार नाही."

चंद्रिका नुसती हसली.

"तुझी पण चौकशी केली त्यानं. मी म्हटलं, आमच्या घरी एक मुलगी आहे, ती ऐकून सांगते. तर विचारतो, नाव काय, आन् घरात काय म्हणून हाक मारता? मी म्हटलं, आम्ही चंद्रिका म्हणतो, पण काकू एकटी चंद्रव्वा म्हणते. खूश झाला."

हे त्याला कशाला हवं होतं, असं चंद्रिकेच्या मनात आलं. पण वारा कानावर आपटत होता, आणि एवढ्यासाठी ओरडून बोलायचं तिच्या जिवावर आलं.

जोतिरामचं घर सांगोल्याच्या अलीकडे, डाळिंबाच्या बागेच्या कडेला होतं. अंगणात शेळ्यामेंढरांचा वाडा, दारात रिकाम्या घागरी आणि प्लास्टिकचे पिंप रांगेने मांडलेले. जोतिरामची आई केराबाई टँकरची वाट बघत उंबऱ्यावर बसली होती. प्रभूने नाव सांगितलं, काम सांगितलं. म्हातारी ऐकत राहिली.

"कोन बोललं म्हनता तुमच्यासंगं?"

"जोतिराम. काल, फोनवर. चांगलं अर्धा तास बोललो की आम्ही."

केराबाईने पदर तोंडाला लावला. मग हळू आवाजात म्हणाली, "माजं लेकरू बोलत न्हाय, दादा. बागंला फुलं लागली तवापासनं त्याच्या तोंडातनं सबूद न्हाय आला. पंढरपूरला दावलं, तुमच्या सोलापूरला बी आनलं. घशात काय न्हाय म्हनत्यात."

"अहो, पण नंबर त्यांचाच आहे." प्रभूने आपला फोन पुढे केला.

"नंबर त्याचाच आसंल. पर फोन कुटं हाय? त्यो त्यानंच हिरीत टाकला."

 प्रभूने खांदे उडवले. "कुणीतरी दोस्तानं मस्करी केली असेल, मावशी. जाऊ दे. हेडफोन द्यायचाय का?"

तेवढ्यात वाड्यातून जोतिराम बाहेर आला. तिशीचा, उन्हाने रापलेला, दाढी वाढलेली. त्याने दोघांकडे पाहिलं आणि सगळं कळल्यासारखा तो आत गेला. येताना त्याच्या हातात घोंगडीच्या तुकड्यात बांधलेलं लहानसं गाठोडं होतं. ते त्याने लांबूनच, हात पूर्ण ताठ करून, प्रभूला दिलं. मग तो चंद्रिकेसमोर उभा राहिला. उजवा तळवा त्याने स्वतःच्या तोंडावर गच्च दाबला आणि तिच्या डोळ्यांत बघत जोरजोरात मान हलवली.

"बघ, तक्रार काहीच नाही म्हणतोय," प्रभू पुटपुटला.

जोतिरामने ते ऐकलं. तो खाली बसला आणि काटकीने धुळीत अक्षरं काढू लागला. पण रस्त्यावर टँकरचा भोंगा वाजला. "आरं, ऊठ की! पानी आलं!" केराबाई ओरडली, आजूबाजूच्या झोपड्यांतून बायापोरं घागरी घेऊन धावत सुटली, आणि जोतिरामलाही पिंप उचलून पळावं लागलं. त्याच्या मागून शेळ्या धुळीवरून गेल्या. त्याआधी चंद्रिकेने पहिला शब्द वाचला होता. 'हाक'.

परतीच्या वाटेवर तो शब्द तिच्या डोक्यातून जाईना. हाकेबद्दल त्यांच्या घरात एक रीत होती. अक्कलकोटकडच्या त्यांच्या सगळ्या भाऊबंदांत होती. पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. माणूस असेल तर दुसऱ्यांदा हाक मारतंच. जे माणूस नसतं, ते एकदाच हाक मारतं आणि वाट बघतं. म्हणून घरात प्रत्येकजण प्रत्येकाला दोनदा हाक मारायचा. शाळेतल्या मैत्रिणींना याचं हसू यायचं. चंद्रिकेला त्यात काही विशेष वाटत नव्हतं. चपला बाहेर काढाव्यात, तसंच तेही.

सोमवारी शाळेतून आल्यावर ती माडीवर गेली. प्रभू पार्सलं द्यायला बाहेर गेला होता. खाली अव्वा भाकऱ्या थापत होती, तो थपथप आवाज जिन्यातून वर येत होता. सात रस्त्याकडून रिक्षांचे हॉर्न, शेजारच्या घरातला टीव्ही, कुणाच्या तरी कुकरची शिट्टी. दिवेलागणीची वेळ होती, पण तिने दिवा लावला नाही. अंधारात तिला नीट ऐकू यायचं.

तिने घोंगडीचा तुकडा सोडला. काळा, हातात मावेल एवढा हेडफोन. पट्टी पातळ, वाट्या लहान, गाद्या मऊ. त्यांना मेंढरांच्या लोकरीचा वास येत होता, आणि त्याखाली आणखी एक वास: बंद विहिरीतल्या पाण्याचा. गाद्या बदलायला लागतील, हे तिने मनात टिपून ठेवलं.

हेडफोन कानावर बसला आणि घर नाहीसं झालं. भाकरीची थपथप गेली, हॉर्न गेले, टीव्ही गेला. एवढे लहान हेडफोन बाहेरचा आवाज इतका अडवत नाहीत. जोतिराम म्हणाला होता ते खरं होतं. जोतिराम, किंवा जो कोणी होता तो.

तिने नेहमीचं ध्वनिमुद्रण लावलं. एक बाई वचन, म्हणजे जुनं कानडी भक्तिपद, गाते, साथीला फक्त तंबोरा. बाईचा आवाज समोर हातभर अंतरावर उभा राहिला. श्वास घेताना तिचे ओठ सुटल्याचंही ऐकू येत होतं. बास घट्ट, तारा मोकळ्या. पाळ्यांवर दाब आहे. काढू वाटत नाही. दोन ओळींच्या मध्ये जी शांतता होती ती मात्र विचित्र होती. ती रिकामी नव्हती. खोलीत कुणी न हलता उभं असलं की होते, तशी ती होती...

"चंद्रव्वा."

डाव्या कानामागून. अव्वाचाच आवाज, जरा दमलेला.

चंद्रिका थांबली. सवयीने तिने दुसऱ्या हाकेची वाट पाहिली. गाणं चालूच होतं. मग तिच्या लक्षात आलं, की कानावर हे बसलेलं असताना पहिली हाक आपल्याला ऐकूच आली नसणार. ऐकू आली ती दुसरी. अव्वा बिचारी केव्हाची बोलावत असेल. आणि चंद्रव्वा म्हणणारं घरात दुसरं होतं तरी कोण?

"ओ... आले, अव्वा," ती म्हणाली.

गाणं तिथेच बंद पडलं. कानाशी कुणीतरी मोठा, लांब श्वास आत घेतला. पाण्यातून वर आल्यावर माणूस घेतो, तसा.

तिने हेडफोन ओढून काढला, टेबलावर टाकला आणि ती जिना उतरली. स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. तव्यावर भाकरी नव्हती, गॅस बंद होता. ती मागच्या अंगणात गेली, न्हाणीजवळ पाहिलं. तिथेही अंधारच. तेवढ्यात पुढचं दार वाजलं आणि अव्वा आत आली. तिच्या हातात झाकलेली वाटी होती.

"विरजण आणायला गेले तर शेजारच्या शिवबाईनं बोलतच ठेवलं बघ," असं स्वतःशीच बोलत ती स्वयंपाकघरात शिरली. अंगणात उभी असलेली चंद्रिका तिला दिसली नाही.

चंद्रिकेने हाक मारायला तोंड उघडलं. ओठ हलले, जीभ हलली. काहीच बाहेर आलं नाही. तिने पुन्हा जोर लावला. घशात वारा फिरला, तेवढाच.

अव्वाने जिन्याकडे तोंड करून हाक मारली, "चंद्रव्वा... ए चंद्रव्वा!"

"ओ... आले, अव्वा," माडीवरून उत्तर आलं.

ते चंद्रिकेच्याच आवाजात आलं. मघाशी ती म्हणाली होती अगदी तसंच, मध्ये तेवढंच थांबून. मग तो आवाज खाकरला आणि बोलू लागला. मोठ्याने, न अडखळता. आदरणीय मुख्याध्यापक, गुरुजन आणि माझ्या मैत्रिणींनो. पाठ केलेलं सगळं भाषण, एकही शब्द न गाळता. आवाज गोड होता. थोडा जाडसर, शेवटाला किंचित वर जाणारा. आपला आवाज असा लागतो तर, असं चंद्रिकेला वाटलं, आणि तिचे डोळे भरून आले.

प्रभू दारातून आत येता येता थबकला. "कोण बोलतंय, काकू? आपली चंद्रिका?"

"हळू. बोलू दे तिला." अव्वा पदराने डोळे पुसत होती. "किती वर्षं वाट बघितली रे... लोक म्हणायचे, पोरगी मुकी आहे की काय."

चंद्रिका अंगणातून आत आली. आधी प्रभूला ती दिसली. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग जिन्याकडे पाहिलं, आणि त्याच्या हातातलं हेल्मेट खाली पडलं. अव्वाची मात्र तिच्याकडे पाठ होती. चेहरा वर, जिन्याकडे.

वरचं भाषण मध्येच थांबलं.

"अव्वा," वरून हाक आली. लाडिक. एकदाच.

अव्वा आयुष्यात कधी पहिल्या हाकेला बोलली नव्हती. पण आज तिचा ऊर भरून आला होता. तिने तोंड उघडलं. "ओ" तिच्या ओठांवर आली होती. चंद्रिकेने मागून झेप घेतली आणि आपला तळवा तिच्या तोंडावर गच्च दाबला. अव्वा दचकली, वळली. समोर लेक बघून तिने पुन्हा वर बघितलं. तिघंही तशीच उभी राहिली. वर कुणीतरी वाट बघत होतं. वाट बघणाऱ्याचा श्वास तिघांना ऐकू येत होता.

दुसरी हाक आली नाही.

पुढचं फार नाही. प्रभूने हेडफोन घोंगडीत गुंडाळून लोखंडी पेटीत घातला, पेटीला कुलूप लावलं. तो जाळायचा की पाण्यात सोडायचा, हे मठातल्या स्वामींना विचारायचं ठरलं. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, घशात काही दोष नाही. निरोप समारंभात दुसऱ्या मुलीने भाषण केलं. चंद्रिका शेवटच्या रांगेत बसून ऐकत होती, आणि पुढचं वाक्य कोणतं ते तिला आधीच माहीत होतं.

त्याच आठवड्यात एका सकाळी दारात एक गृहस्थ आले. मंद्रूपचे, नाव गुरुबसप्पा. पांढरा सदरा, कपाळाला विभूती.

"तो लहान हेडफोन न्यायला आलोय," ते म्हणाले.

"कोणता?" प्रभूने विचारलं. "मी काही विकायला टाकलेला नाही."

"असं कसं? काल तुमच्याच नंबरवर फोन केला की. तुमच्या बहिणीनं उचलला. लहान आहे, बंद पाठीचा आहे, काढू वाटत नाही... काय गोड बोलते हो मुलगी! ऐकतच राहिलो."

प्रभूने खिशावर हात ठेवला. फोन काल दिवसभर त्याच्याच खिशात होता. चंद्रिका दाराआडून पुढे आली. तळवा तोंडावर दाबून ती जोरजोरात मान हलवू लागली.

गुरुबसप्पा तिच्याकडे बघून हसले. "हीच का ती? लाजते वाटतं. काल तर शेवटी मलाच विचारत होती..."

"काय विचारत होती?" प्रभूने विचारलं.

"काही नाही हो, पोरीचं बोलणं. म्हणे, काका, घरात तुम्हाला काय म्हणून हाक मारतात?"