तिसरी सावली

आमचा स्टुडिओ बंद झाला तेव्हा कुणी पंखे नेले, कुणी खुर्च्या. मी व्हिडिओ मिक्सर उचलला. सगळे हसले. त्यांचे पंखे कधीच भंगारात गेले. माझा मिक्सर अजून चालतो.

दोन कॅमेऱ्यांची चित्रं एकमेकांत विरघळवायची, एक पुसत दुसरं आणायचं, एवढंच त्या पेटीचं काम. मी तिच्यासमोर बसायला लागले तेव्हा साहेबांनी एकच शिस्त लावली होती. समोरचा माणूस बघायचा नाही, मॉनिटर बघायचा. लोकांना जे दिसतं ते तिथेच. ती शिस्त माझ्या मानेत कायमची बसली आहे. डॉक्टर तिला दुसरं काहीतरी नाव देतात.

नात माझ्याकडे आली ती याच पेटीसाठी. तिला आम्ही भिंगरी म्हणतो. चालायला शिकली तीच गिरक्या घेत. नाच हेच तिचं सगळं. पण सरावात गुडघा गेला, ऑपरेशन झालं आणि उजवा पाय किंचित ओढत राहिला. तिच्या नृत्यपथकाच्या बाई तिला एक शेवटची संधी देणार होत्या. एकटीचा नाच, त्यांच्यासमोर. जमला तर पथकात, नाहीतर नाच संपला.

"आजी, मी काळ्या पडद्यांच्या आत नाचणार. बाहेरच्यांना मी फक्त मोठ्या पडद्यावर दिसेन. माझ्यामागून माझ्याच सावल्या येतील असं काही करता येईल? म्हणजे पायाकडे कुणाचं लक्ष जाणार नाही."

"ही लबाडी झाली."

"तू आयुष्यभर केलीस तेव्हा तिला कला म्हणायचीस."

मी मिक्सरचं झाकण उघडलं. गरम धुळीचा तो जुना वास आला आणि मला एकदम तरुण वाटलं. आत एक मेमरी असते, चित्र क्षणभर धरून ठेवणारी. तिथून तारा काढून मी एक नवा नॉब बसवला. तो फिरवला की धरलेलं चित्र चालू चित्रात पुन्हा मिसळायचं. चहाचा कप धरताना माझे हात थरथरतात. तारांना सोल्डरचा डाग देताना नाही.

कॅमेऱ्यासमोर हात हलवून पाहिला. मॉनिटरवर माझ्या हातामागे तीन हात, एकापेक्षा एक फिके. झकास. मी हात खाली घेतला. पहिली सावली उतरली, दुसरी उतरली. तिसरी जरा थांबली, मग उतरली.

चिप सदोष असणार. मी ती बदलली. त्यानंतर तिसरा हात थांबायचा बंद झाला. फक्त उतरताना तो बोटं मिटू लागला. मी बोटं मिटली नव्हती.

जुनं यंत्र आहे, थोडे चाळे करणारच. मीही करते.

भिंगरीने मागच्या खोलीत सराव सुरू केला. पहिल्याच फेरीनंतर मी तिला चित्रित झालेलं दाखवलं. ती मॉनिटरपाशी वाकली.

"आजी, ती शेवटची बघ."

"काय झालं तिला?"

"ती पाय ओढत नाहीये."

"फिक्या चित्रात बारीकसारीक दिसत नाही गं."

"मला दिसतंय," ती म्हणाली. आणि दुसऱ्या दिवसापासून ती नॉब आणखी वर करायला सांगू लागली.

बाईंसमोरचा नाच दुपारी होता. काळ्या पडद्यांच्या आत आम्ही दोघीच, मी मिक्सरसमोर आणि ती कॅमेऱ्यासमोर. बाहेर खुर्च्या सरकल्याचे आवाज, कुणाचा तरी खोकला. संगीत सुरू झालं. मी नॉब वर नेला. चौघी नाचू लागल्या, तिचं चित्र आणि तीन सावल्या.

मध्यावर एक मोठी उडी होती. ती आली, आणि माझ्या डाव्या बाजूला लाकडी जमिनीवर काहीतरी धपकन आपटलं.

मी मॉनिटरवरून नजर काढली नाही. तिथे भिंगरी अलगद उतरली होती, गिरकी घेत होती. मात्र आता चौघी नव्हत्या. एकच होती. अजिबात फिकी नव्हती.

असा नाच मी तिचा कधी पाहिला नव्हता.

शेवटची गिरकी झाली. टाळ्या पडल्या. तेव्हा मी मान वर केली.

भिंगरी जमिनीवर बसली होती. गुडघा दोन्ही हातांनी धरलेला, ओठ दाताखाली.

"कधीपासून बसलीयेस?" मी विचारलं.

"उडी मारली तेव्हापासून."

मागे पडदा सरकला. मी वळून पाहिलं.

"काय नाचलीस गं!" बाई आत येत म्हणाल्या. "त्या पायाचं काही जाणवलंसुद्धा नाही!"

"थँक यू, बाई."

आवाज माझ्या शेजारून आला. भिंगरी उभी होती, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन, हसत.

कॅमेऱ्यासमोरची जमीन रिकामी होती.

मॉनिटरवरची नव्हती. तिथे भिंगरी अजून गुडघा धरून बसली होती.

मी मिक्सर बॅटरीला जोडूनच घरी आणला. या मेमरीचं असं असतं की वीज तुटली की धरलेलं सगळं पुसलं जातं. त्यामुळे तो तेव्हापासून चालूच आहे, कॅमेरा न जोडता.

भिंगरी आता पथकात पहिल्या रांगेत नाचते. सुट्टीच्या दिवशी येते, जिना धावत चढते, माझ्या गळ्यात पडते. "आजी, ती पेटी बंद कर ना आता. किती तापते!" दर वेळी म्हणते. मी "हो, करते" म्हणते आणि मॉनिटर भिंतीकडे वळवून ठेवते.

ती गेली की पुन्हा सरळ करते. पडद्यावरची उठली आहे. रोज थोडी चालते, उजवा पाय ओढत. आणि रोज थोडी मोठी दिसते, काचेच्या जवळ येत असल्यासारखी.