द्वारकाबाईंच्या पट्टीचा दोरा

या, जरा पुढं सरका. भिंतीला टेकलेल्यांनीही या. गोष्ट भीतीची आहे, म्हणून जवळ बसा. दोऱ्याच्या एका टोकानं एका माउलीचा ठाव कसा लागला, ते सांगायचं आहे. ओळखता आलं तर तुम्हीही ओळखा.

पुंडलिकनगरात क्रोशाच्या सुईनं लेस विणणाऱ्या बायकांचं मंडळ आहे. कीर्तन सप्ताहात देवापुढच्या पडद्याला लेस लावायची, म्हणून त्या सोमवारी प्रत्येकीनं एकेक नवी पट्टी सुरू केलेली. रोज दुपारी चारला पट्टीचा फोटो ग्रुपवर टाकायचा, असा नेम.

त्या शुक्रवारी मंडळात बसल्या बसल्या रत्नमालाबाई कालचा एक फोटो बघत राहिल्या आणि हातातला चहा गार झाला. बाई निवृत्त हवालदार. विणकाम यथातथाच, नजर मात्र अजून ड्युटीवर.

शेजारी विणत बसलेल्या सोनियाला त्या म्हणाल्या, “सोनिया, द्वारकाबाईंची पट्टी बघ. सुरुवातीच्या दोऱ्याचं टोक कुठं लोंबतंय?”

“डावीकडं. सगळ्यांचं तिकडंच असतं की, ताई. तुमचं तर कुठंबी असतं!”

“आपण उजव्या हातानं विणतो. द्वारकाबाई डावखुऱ्या. त्यांचं टोक कायम उजवीकडं.”

सोनियाचं हसू विरलं. “मग त्यांच्या फोनवरून पाठवतंय कोण?”

द्वारकाबाई सोमवारपासून मंडळात आल्या नव्हत्या. गंगापूरला भावाकडं गेल्या, असं त्यांचा मुलगा कृष्णा सांगत होता. फोटो रोज येत होते, म्हणून कुणाला काळजी वाटली नव्हती.

रत्नमालाबाईंनी चारही फोटो लावून पाहिले. सोमवारची वीण नवशिकीसारखी ढिली. मंगळवारची जरा बरी. गुरुवारची आणखी बरी. पण विणीच्या दर दहा घरांनंतर एक घर मोकळं सोडलेलं. ‘ते देवाचं,’ असं द्वारकाबाई म्हणायच्या. ही खोड मंडळात दुसऱ्या कुणालाच नव्हती.

डोकं द्वारकाबाईंचं. हात कुणाचा?

नोकरीत रत्नमालाबाईंनी उशिरा उघडलेली दारं पाहिली होती. त्या उठल्या आणि सोनियाला घेऊन द्वारकाबाईंच्या घरी गेल्या.

कृष्णानं लोखंडी जाळीचं दार उघडलंच नाही.

“आई कुठाय?”

“गंगापूरला, मावशी. सांगितलं ना.”

“कशानं गेली?”

“जीपनं.”

“फोन लाव. बोलू दे.”

“तिथं रेंज नाय.”

“मग फोटो कसे येतात?”

कृष्णानं ओठ चावला. “गच्चीवर जात असंल.”

चार वाजले. रत्नमालाबाईंचा फोन थरथरला. द्वारकाबाईंचा फोटो. कृष्णाचे दोन्ही हात मात्र जाळीवर होते.

“सोनिया,” त्या मागं न वळता म्हणाल्या, “ग्रुपवर लिही. लई छान.”

सोनियानं लिहिलं. आणि घरात, मागच्या खोलीत, टुंग असा आवाज झाला.

“दार उघड, कृष्णा.”

“मावशी, पाया पडतो…”

“उघड!”

मागच्या खोलीत अंधार होता, तापाचा वास होता. सोनियानं डोळे मिटून घेतले. रत्नमालाबाईंनी खिडकी ढकलली.

द्वारकाबाई कॉटवर होत्या. जिवंत. डावा हात कोपरापासून सुजून निळा पडलेला. उजव्या हातात सुई आणि मांडीखाली दाबून धरलेली पट्टी.

“मी पडले गं, न्हाणीत,” त्या लगेच म्हणाल्या.

“द्वारकाबाई, दुसरी कुणी विणत असती, तर देवाचं घर मोकळं सुटलं नसतं,” रत्नमालाबाई म्हणाल्या. “दुसऱ्या कुणाचा सराईत हात असता, तर सोमवारची वीण ढिली नसती. रोज थोडी सुधारणारी वीण म्हणजे नव्यानं शिकणारा हात. तो तुमचाच, उजवा. म्हणजे डावा गेला. तुम्ही नुसत्या पडल्या असता, तर त्याच दिवशी दवाखान्यात असता. गंगापूरचं खोटं कशाला लागलं? डॉक्टर विचारील, याची भीती कुणाला होती?”

कृष्णा दारातच खाली बसला.

त्याची पोलिसात निवड झाली होती; नेमणूक पुढच्या आठवड्यात. सोमवारी दुपारी जेवायला उशीर झाला म्हणून तो ‘दिवसभर दोरेच’ असं ओरडला आणि आईच्या हातातली दोऱ्यांची टोपली त्यानं हिसकली. आईनं सोडली नाही. त्यानं ढकललं. पोलीस केस झाली तर नोकरी जाईल, म्हणून दवाखाना टळला. आणि कुणी विचारपूस करायला येऊ नये, म्हणून ती माउलीच रोज चारला फोटो टाकत होती.

“पोराचं वाटोळं करू नका, ताई,” द्वारकाबाई रडत म्हणाल्या.

“हात सडत चाललाय तुमचा! सोनिया, रिक्षा बोलाव.”

गारखेड्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, “कसं झालं हे?”

“पडले,” द्वारकाबाई म्हणाल्या.

रत्नमालाबाई नुसत्या कृष्णाकडं बघत राहिल्या.

“मी ढकललं,” कृष्णा म्हणाला. “लिहा, साहेब. माझं नाव लिहा.”

डॉक्टरांनी लिहिलं. द्वारकाबाईंनी तोंड भिंतीकडं फिरवलं.

हात वाचंल का, हे अजून कुणी सांगत नाही. नोकरीचंही ठरायचं आहे. पण बाबांनो, आज देवापुढं हात जोडाल तेव्हा द्वारकाबाईंचं नाव घ्या. पोराचं नाव वाचवायला पाच दिवस कळ सोसत, उलट्या हातानं विणत बसलेल्या त्या आईची आठवण ठेवा.