सुतकाच्या घरात 'येते' म्हणाले

विश्वास ठेवायचा नसेल तर ठेवू नका. मी नर्स आहे, भूतखेत मानणाऱ्यातली नव्हते. पण हे माझ्यासमोर घडलंय. गेल्या मे महिन्यात, जत तालुक्यातल्या एका वस्तीवर. तेही भरदुपारी.

डॉक्टरांनी 'आता घरी न्या' म्हणून सांगितलेल्या पेशंटकडे जायचं, जखम धुवायची, दुखणं कमी करायच्या गोळ्या द्यायच्या, हे माझं काम.

शालूबाईंना स्तनाचा कॅन्सर होता. मंगळवारी त्यांच्या गोळ्या संपत आल्या होत्या.

"उद्या घेऊन येते हं, आजी," मी म्हणाले.

बुधवारी आमची गाडी बंद पडली. एसटी होती. पण एका दिवसानं काय होतंय, म्हणून मी घरीच बसले.

गुरुवारी दुपारी गेले, तर अंगणात खाट उभी करून ठेवलेली...

"पहाटं गेली," त्यांचा मुलगा बिरदेव म्हणाला. "आत्ताच माती देऊन आलो. रातभर इवळत हुती. सिस्टर येते म्हनल्यात, कवा येनार, एवढंच."

मला मान वर करवेना. थोडा वेळ बसले, उठले. आणि सवयीनं तोंडातून गेलं...

"येते."

सुतकाच्या घरातून निघताना असं म्हणायचं नसतं. न बोलता उठायचं असतं. लहान पोरांनाही कळतं हे.

बिरदेव अंगणात होता. त्याची बायको पूजाही अंगणात. घरात कुणीच नव्हतं.

तरी आतून आवाज आला...

"कवा?"

पूजानं तोंडात पदर कोंबला. बिरदेव खाली बघत राहिला. त्यांनीही ऐकलं होतं.

मी चपला हातात घेऊन पळाले.

पुढच्या आठवड्यात दुसऱ्या गावी लालासाहेबांकडे गेले. मिलिटरीतून रिटायर झालेला खमका माणूस, फुप्फुसाचा कॅन्सर. मी गोळी पुढे केली, तर त्यांनी माझा हात धरला. नजर माझ्या मागे, दाराकडे...

"आवं सिस्टर, त्या म्हातारीला द्या की आधी. कवाधरनं हुबी हाय. लय दुखतंय तिला."

मी वळून बघितलं.

दारात कुणीच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी लालासाहेब गेले. माणूस गेला की मी घरच्यांना एकच सांगत आले होते... सुटले, आता काही दुखत नाही.

भेटायला गेले, तर त्यांची बायको माझ्या गळ्यात पडली.

"सुटलं न्हवं वो माझं मानूस? आता तरी दुखत नसंल न्हवं?"

माझी नजर त्या दाराकडे गेली.