मोबाइलनं अर्धंच ऐकलं

पहिल्या भेटीतच ते मला हसले होते.

परदेशी पाहुण्यांची बस दादाच्या खानावळीसमोर बिघडली, म्हणून सगळे आत आले. मी वाढायला असते. त्यांची भाषा मला येत नाही; मी मोबाइलशी बोलायचं आणि मोबाइलनं त्यांच्याशी. मी म्हटलं, "सावकाश होऊ द्या." मोबाइल काहीतरी बोलला, आणि त्यांच्या गाइडना हसताहसता ठसकाच लागला.

"काय झालं?"

"'हळूहळू संपा', असं सांगितलंय त्यानं."

"अगंबाई!"

"असू द्या. सगळे सत्तरीचे आहेत, तेच करतायत."

त्यानंतर बस कधी बिघडली नाही, तरी रोज आमच्याच दारात थांबू लागली. गाइड स्वयंपाकघराशी येऊन मीठ मागायचे... मीठ टेबलावरच असायचं.

वहिनीच्या नजरेतून काय सुटतंय! एका दुपारी तिनं विचारलंच, "वन्सं, गाइड आले की तुमच्या हातून वाट्या कशा निसटतात हो?"

खोटं बोलायचं नाही, असा माझा रोज सकाळी देवापुढे धरलेला नेम. मी कुजबुजले, "ते आले की घास गिळवत नाही... रात्री झोप नाही... हात थरथरतात."

मोबाइल वाढपाच्या खिडकीत चालूच होता! त्यानं अर्धंमुर्धं ऐकलं आणि खणखणीत आवाजात सगळ्यांना ऐकवलं.

बाहेर चमचे थांबले. एका आजींनी तोंडातला घास रुमालात काढला.

"काय बोललीस तू?" दादा धावत आला. "उठतायत सगळे!"

मागोमाग गाइड. "इथलं खाल्लं की घास गिळवत नाही, झोप उडते, हात थरथरतात, असं म्हणाला मोबाइल. तुम्ही नक्की काय म्हणाला होतात? मी समजावतो. कंपनीच्या कानावर गेलं, तर थांबा कायमचा बंद."

माझे कान तापले. "जेवणाबद्दल नव्हतं ते."

"मग?"

"सांगायलाच हवं?"

"आजी डॉक्टर बोलवा म्हणतायत हो!"

मला ताप आलाय — एवढं म्हटलं असतं तरी सुटले असते. ओठांवर आलंही. पण सकाळी जोडलेले हात आठवले. फडक्याचं टोक बोटाला गुंडाळत, फरशीकडे बघत म्हटलं, "तुम्ही आलात की... होतं तसं."

दादा खोकला. वहिनी उगाच भांडं घासू लागली.

गाइड बाहेर पाहुण्यांसमोर जाऊन उभे राहिले. मग अडखळत बोलले. आजींनी छातीवर हात ठेवला, चमचा उचलला... आणि टाळ्या! वाटलं, धरणीनं आत्ताच्या आत्ता पोटात घ्यावं.

"काय सांगितलंत?" ते आत येताच मी विचारलं.

"तुमचंच. शब्दन् शब्द."

"मग टाळ्या कसल्या?"

"शेवटी माझं एक वाक्य होतं." आता तेही फरशीकडेच बघत होते. "बस इथे जेवणासाठी थांबत नाही, असं."

"म्हणजे जेवण वाईट आहे आमचं?" दादा खवळला. वहिनीनं त्याला दंडाला धरून बाहेर नेलं.

वर बघायची हिंमत होईना. "उद्या... थांबेल ना बस?"

"बसला उद्या सुट्टी आहे," ते हळूच म्हणाले. "मी येईन."