शंभर तासांची मूठ

"ही गोष्ट मी तेवीस वर्षांत सतरा जणांना सांगितली आणि एकानेही विश्वास ठेवला नाही. तूही ठेवणार नाहीस, लाव पैज," ढमढेरेकाका म्हणाले आणि कोपरांनीच शाल छातीशी आवळून बसले.

इरावती कानडेला हसू आलं. यशवंत ढमढेरे म्हणजे घाटमाथ्यावरच्या या टिकाऊपणा प्रयोगशाळेतले निवृत्त परीक्षक, आणि सगळ्या खात्यात नावाजलेले थापाडे. आपण तपासलेली दिव्याची एक कळ इतकी टिकली, की तिच्यावर बसणाऱ्या पालींच्या तीन पिढ्या खपल्या, असं ते शपथेवर सांगत. म्हाताऱ्याला बोलावलं म्हणजे दुपार गेली, हे तिला ठाऊक होतं. पण बोलावणं भाग होतं. तिच्या नव्या खेळमुठीचा जीव ज्या लेपात होता, तो लेप मुळात काकांच्या काळातला. जुन्या अहवालावर 'रद्द' असा शिक्का होता आणि त्याखालचा कारणाचा रकाना कोरा. कारणच नाही म्हटल्यावर तिने तो लेप पुन्हा करायला घेतला होता.

"आधी तुझे चिरंजीव दाखव," काका म्हणाले. "चहा निवू दे तोवर."

तिने हातातली खेळमूठ पुढे केली. पडद्यावरचे खेळ खेळायची, दोन शिंगांची, दोन्ही तळव्यांत मावणारी मूठ. वजन बरोबर मध्यावर, दांड्या अंगठ्यांच्या सहज पोचेत, कळा अशा की दाबल्याचं बोटाला कळावं पण बोट थकू नये, आणि अंगावर कुठे एक कड नाही.

"हे सगळे करतात," काका म्हणाले. "लेपाचं बोल."

"हातात घेतली की ती नाहीशी होते, काका. दाब बराच वेळ सगळीकडे सारखा राहिला, की कातडीखालचे मज्जातंतू मेंदूला काही कळवतच नाहीत. बोटातली अंगठी आपण विसरतो ना, तसं. साध्या मुठीत तळव्याला चार जागी जास्त दाब बसतो आणि तिथेच हात दुखतो. या समदाब लेपातले कण जास्त दाबाकडून कमी दाबाकडे सरकतात. फरक उरत नाही, मग हाताला काही कळतही नाही."

"मऊ वस्तू झिजते, बाई."

"झिजू नये म्हणूनच तो वापरागणिक घट्ट होत जातो. पोलादी यंत्रहातांनी वीस लाख वेळा आवळून पाहिला. एक कण सुटला नाही."

"यंत्रहातांनी," काका पुटपुटले. "आम्हीही तेच केलं. तेव्हाही पेढे वाटले होते."

मग ते खुलले. गोष्ट सांगताना त्यांच्या भुवया नाचायच्या, तशा नाचू लागल्या.

"तुला इथला नियम माहीत आहे. ज्याची सही, त्याचे शंभर तास. परीक्षकाने वस्तू स्वतः शंभर तास वापरल्याशिवाय कागदावर सही करायची नाही. मी बसलो खेळायला. काय सांगू, लोण्याची मूठ! जेवायला उठायचं विसरायचो. माझी बायको दारात उभी राहून हाका मारायची, तेव्हा कळायचं की हातात काहीतरी आहे. ऐंशी तास असे गेले. पुढे काय झालं असेल, सांग बघू. तू शिकलेली आहेस."

"लेप आणखी घट्ट झाला असेल."

"किती घट्ट?"

इरावतीने मनातल्या मनात आलेख आठवला. ऐंशी तासांच्या आसपास ती रेघ एक पातळी ओलांडून जात होती. त्या पातळीला तिने कधी नाव दिलं नव्हतं.

"मांसापेक्षा घट्ट," काकांनीच सांगितलं. "पण दाब सारखा करायचा हट्ट त्याने सोडला नव्हता. ऐंशी तासांपर्यंत लेप सरकत होता. आता तो सरकेना. मग दाब सारखा व्हायचा तर सरकायचं कोणी?"

खोलीच्या कोपऱ्यात यंत्रहातांची चाचणी चालू होती. पोलादी बोटं एका लयीत आवळत होती, सुटत होती.

"पोलाद सरकत नाही," काका म्हणाले, "म्हणून यंत्राला पत्ता लागला नाही. हात सरकतो. आधी मांस, मग शिरा, मग सांधे. केसाकेसाने."

"असं झालं तर दुखेल की, काका. माणूस मूठ टाकून देईल."

"दुखायला फरक लागतो. आत्ता तूच म्हणालीस."

ती हसणार होती. हसू ओठांपर्यंत येऊन थांबलं. सकाळी प्रयोगशाळेच्या दाराने तिला दोनदा परत पाठवलं होतं. तळवा काचेवर पूर्ण टेकवला की दार उघडतं. तिसऱ्या वेळी तिने डाव्या हाताने उजवा दाबून धरला, तेव्हा उघडलं. थंडीने हात आखडले असतील, असं म्हणून ती आत आली होती. डगल्याचं वरचं बटणही लावायचं तसंच राहिलं होतं.

तिने खेळमूठ टेबलावर ठेवली. मूठ बाजूला झाली, तरी बोटं तिच्याच आकारात राहिली. इरावतीने दोन्ही हात टेबलाखाली घेतले.

काकांच्या भुवया नाचायच्या थांबल्या.

"किती तास झाले तुझे?"

"ब्याण्णव."

तेवीस वर्षं घोटलेली गोष्ट त्यांनी तिथेच सोडली. मग घसा खाकरून ते एकदम मोठ्याने म्हणाले, "अगं, त्यात घाबरायचं काय? माझे हात पंधरा दिवसांत मोकळे झाले. मिठाच्या गरम पाण्यात शेकले. सोळाव्या दिवशी मी सतार वाजवली."

"तुम्हाला सतार येते?"

"कुठली येतेय! हात इतके सुटले, की आपोआप आली."

आता मात्र ती हसली. अंगातून काहीतरी उतरून गेल्यासारखं झालं. पंधरा दिवस. पंधरा दिवस काय, चालतील.

"मग तुम्ही त्या रकान्यात कारण का नाही लिहिलंत?"

"तोंडी सांगितलं. माझी सही झाली नाही म्हणून शिक्का तेवढा बसला, पण कारणाला सगळे हसले. म्हणाले, ढमढेऱ्याची आणखी एक पाल."

"पण लिहिलं असतंत तर मी हा लेप हातात धरला नसता, काका. हाताने लिहिलेलं कारणच इथे धरतात, हा नियम तर तुमच्याच वेळचा."

"लाज वाटली. जाऊ दे ना ते."

"मग आता लिहा." तिने मनगटांनीच कागद त्यांच्यापुढे सरकवला. "सोमवारी दोनशे घरांत नमुने जाणार आहेत. माझ्या एकटीच्या शब्दावर खात्यातले वरिष्ठ ते थांबवणार नाहीत. तुमच्या अक्षरात दोन ओळी असल्या, की इथेच थांबतील."

"तूच लिही. मी चष्मा घरी विसरलो."

इरावतीने पेन उचललं. ते बोटांच्या चिमटीत बसेना. चिमूटच होत नव्हती. पेन निसटलं, टेबलावरून गडगडत काकांच्या बाजूला गेलं. ते धरायला काका झटक्याने पुढे वाकले. शाल हलली, पण शालीतून काहीच बाहेर आलं नाही. पेन खाली पडलं.

ते उचलायला दोघांपैकी कोणीच वाकलं नाही.

त्यांच्यापुढच्या चहावर जाड साय धरली होती. कपाला अजून कोणी हात लावला नव्हता. इरावतीने सायीकडे पाहिलं, शालीकडे पाहिलं, मग त्यांच्या चेहऱ्याकडे.

"काका," ती हळूच म्हणाली, "चष्मा तुमच्या नाकावर आहे. आणि ते पंधरा दिवसही खोटे आहेत."