चार मिनिटांची दोन वाक्यं

गेली एकवीस वर्षं मी माहितीपटांना आवाज देते. हिमनद्या, पूल, वटवाघळं, जुनी घड्याळं, मेंदूवरची शस्त्रक्रिया. माझ्या आवाजाला यातलं सगळं माहीत असतं, मला निम्मंही नाही.

यंदा ‘आवर्जून पाहावेत’ अशा दहा माहितीपटांची मालिका हाती होती. आमची ध्वनिमुद्रणाची खोली न्हाणीघराएवढी. भिंतींना राखाडी फोम, टेबलावर कोमट पाण्याचा पेला, कागद वाजू नयेत म्हणून खाली लोकरीचं फडकं. काचेपलीकडे तंत्रज्ञ बसतो. त्याला सगळे कानसेन म्हणतात, कारण माझं पोट गुरगुरलं तरी तो बोट वर करतो आणि वाक्य पुन्हा घ्यायला लावतो.

चौथा माहितीपट रंगांवर होता. त्यात कापड रंगवण्याच्या कारखान्यातली एक बाई होती. कोपरापर्यंत निळे हात. सरळ कॅमेऱ्याकडे बघत, तिच्या भाषेत, ती चार मिनिटं बोलत होती. माझ्या कागदावर तिच्या नावाने दोन वाक्यं होती : ‘रंगांनी आमचं आयुष्य उजळलं. आम्ही इथे समाधानी आहोत.’

“एवढंच?” मी निर्मात्याला विचारलं.

“आशय तोच आहे, मॅडम. उरलेल्या वेळात संगीत टाकू.”

तिचा चेहरा समाधानी माणसाचा नव्हता, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. तरी मी वाचलं. छान वाचलं, आणि आज त्याचीच जास्त चीड येते.

पुढच्या सोमवारी सकाळी अकराला मधमाश्या घेतल्या. ‘राणीमाशी पोळ्याबाहेर क्वचितच पडते,’ इथून सुरू करून मी पानभर वाचलं. कानसेनने ते ऐकायला लावलं. माझ्याच आवाजात, माझ्याच संथ लयीत ऐकू आलं : ‘थोरलीची आधी नखं गेली. मग तिला उजेड सोसेना. आम्ही खिडकीला चादर बांधली.’

कानसेनने हेडफोन काढले, पुसले, परत घातले. “ताई, तुम्ही वाचलंत ते मी ऐकलं. मधमाश्याच होत्या.”

“मग हे काय आहे?”

“तुमचाच आवाज आहे. मध्ये श्वाससुद्धा तुमचाच.”

तीनदा परत घेतलं. तिन्ही वेळा मधमाश्या आत गेल्या आणि थोरली बाहेर आली. दर वेळी तिची हकीकत थोडी पुढे सरकलेली.

त्या संध्याकाळी मी रंगांच्या माहितीपटाचा मूळ आवाज घरी नेला. आमच्या वरच्या मजल्यावर एक नर्स राहते, ती त्या बाईच्याच भागातली. आधी मी तिला काहीच सांगितलं नाही. गणवेश न बदलता ती स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली, डोळे मिटून ऐकू लागली, आणि एकेक वाक्य मराठीत सांगत गेली.

“थोरलीची आधी नखं गेली, म्हणते. मग तिला उजेड सोसेना.”

मी गॅस बंद केला.

चार मिनिटं संपल्यावर ती म्हणाली, “ताई, हिने कारखान्याचं नाव घेतलंय. डॉक्टरचं घेतलंय. तुम्ही लोकांनी याचं काय केलं?”

मी कागद ओढला आणि तिला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं.

दुसऱ्या दिवशी मी निर्मात्याच्या टेबलावर तिची चारही मिनिटं लिहून ठेवली. त्याने दोन ओळी वाचल्या आणि कागद पालथा केला.

“कारखान्याने आपल्याला आत सोडलं, मॅडम. शिवाय माहितीपट लोकांनी पाहावा असा हवा. रडगाणं कोण पाहतं?”

“ती रडत नव्हती. सांगत होती.”

“अजून पाच विषय बाकी आहेत. त्यांच्याकडे लक्ष द्या.”

त्याने तिचा मूळ आवाज पुसून टाकायला सांगितलं. तरीही मी खोलीत जाऊन बसले. पूल वाचले. मिठागरं वाचली. बाहेर त्या बाईचंच बोलणं येत राहिलं. कानसेनने सगळं जपून ठेवलं, कोणाला न विचारता.

ते मी नर्सला ऐकवलं. ती अर्ध्यातच थांबली.

“हे कुठलं? चित्रीकरणात बाई इतकं बोललीच नव्हती.”

“तेच तर विचारतेय.”

तिने गावी फोन लावला. बराच वेळ नुसतं हं, हं करत राहिली. फोन ठेवल्यावर म्हणाली, “बाई आहे. कामावर जाते, जेवते. पण महिना झाला, बोलत नाही. ओठ हलतात, म्हणतात. आवाज येत नाही.”

महिन्यापूर्वी मी ती दोन वाक्यं वाचली होती.

शुक्रवारी शेवटचा विषय होता, हिमनद्या. निर्माता काचेपलीकडे येऊन उभा राहिला. “आज काही भलतंसलतं निघालं तर पुसून टाक,” तो म्हणाला.

“नाही पुसणार,” कानसेन म्हणाला. त्याने स्वतःची वही उघडली.

मी सहा पानं वाचली. एकही शब्द गाळला नाही.

शेवटचं पान फडक्यावर पालथं ठेवलं. ओठ मिटले. पाणीही प्यायले नाही.

काचेपलीकडे आवाजाची हिरवी पट्टी हलत होती.

मी श्वास रोखला. ती हलतच राहिली.

निर्मात्याने दुसरे हेडफोन कानाला लावले आणि सावकाश खुर्चीत बसला.

कानसेनने माझ्याकडे तळवा दाखवला. बसून राहा. बाई सांगत होती तशी तो आजारी पडलेल्यांची नावं लिहून घेत होता, प्रत्येकापुढे वय.

त्याने पान उलटलं.